दुभाष्याचे पैसे कोणी द्यायचे?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानाबाहेर दोन बाके आहेत आणि शनिवारी संध्याकाळी चहा घेऊन तिथे जमणारी आम्ही चार-पाच मराठी माणसे त्या जागेला कट्टाच म्हणतो. गेल्या शनिवारी विषय काढला तो सांगलीकराने. त्याची मुलगी येत्या ऑगस्टात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात जाणार आहे, तिला डिस्लेक्सिया आहे, आणि शाळेत आयईपी नावाच्या लेखी आराखड्यानुसार मिळत असलेली मदत कॉलेजात आपोआप मिळत नाही हे त्याला नुकतेच कळले होते. शाळेपर्यंत गरजू मूल शोधून काढण्याची जबाबदारी शाळेची असते. कॉलेजात मात्र विद्यार्थ्याने स्वतः जाऊन आपले अपंगत्व सांगायचे, कागदपत्रे दाखवायची आणि मदत मागायची असते.

आमच्यातले काका आयुष्यभर हिशेबतपासणीत होते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न पैशांचाच होता. १९७३च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९०चा अपंगत्वविषयक कायदा या दोहोंनी कॉलेजांवर बंधन घातले, दुभाषा किंवा परीक्षेला जादा वेळ अशा सेवांचे पैसे विद्यार्थ्याकडून घेण्यास मनाई केली, पण त्या बंधनासोबत खर्चाची तरतूद केली नाही, असे ते म्हणाले. त्यावर ताईंनी त्यांना थांबवले. ताई गेली अनेक वर्षे एका कम्युनिटी कॉलेजात अपंग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या विभागात समुपदेशक आहेत. कॅलिफोर्नियाने १९७६ सालीच कायदा करून या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजांना जो जादा खर्च येतो त्याकरिता स्वतंत्र निधी देण्याची व्यवस्था केली. त्यातूनच ज्याला इथे सगळे डीएसपीएस म्हणतात तो विभाग कॉलेजाकॉलेजांत उभा राहिला, हे त्यांनी सांगितले.

"मग तक्रार कशाची आहे?" काकांनी विचारले.

ताईंचे उत्तर मला अजून आठवते. मंदीनंतर, २००९-१० या वर्षी, राज्याने या निधीत सुमारे ४० टक्के कपात केली. ज्यांना परीक्षेला दीडपट वेळ मंजूर झाला होता ते विद्यार्थी त्या वर्षी कमी झाले नव्हते, पण परीक्षेच्या खोलीवर देखरेख करणारी माणसे कमी झाली आणि खोली दुपारी तीनलाच बंद होऊ लागली. संध्याकाळचा वर्ग असलेली एक विद्यार्थिनी मंजुरीचा कागद हातात धरून त्या बंद दारापाशी उभी होती, असे ताई सांगत होत्या. पुढे काही वर्षांनी निधी पूर्ववत होत गेला, पण त्या मुलीचे ते सत्र त्यामुळे परत आले नाही.

काकांचा मुद्दा असा होता की निधी घटला तरी कायदेशीर जबाबदारी घटत नाही, कॉलेजाला ती आपल्या सर्वसाधारण निधीतून पार पाडावीच लागते, आणि ती तशी पार पडत असेल तर वेगळ्या निधीचा आग्रह कशासाठी धरायचा? हा प्रश्न वरवरचा नव्हता. राखीव निधी असला की बाकीचे विभाग हात झटकतात आणि 'ते त्यांचे काम आहे' म्हणतात, हे त्यांचे निरीक्षण ताईंनीही मान्य केले.

मग मी कागदाच्या पिशवीवर हिशेब मांडला. एक बहिरा विद्यार्थी आठवड्याला १२ तासांचे वर्ग घेतो असे धरू. सांकेतिक भाषेचा दुभाषा एकटा तासन्‌तास काम करू शकत नाही, हात आणि लक्ष दोन्ही थकतात, म्हणून लांबलेल्या वर्गात दोघे दर पंधरा-वीस मिनिटांनी आळीपाळीने उभे राहतात. १६ आठवड्यांच्या सत्रात दोघांचे मिळून ३८४ तास होतात, आणि हा एका विद्यार्थ्याचा, एका सत्राचा हिशेब आहे. मोठ्या कॉलेजाला हा भार पेलतो. डोंगराळ भागातल्या लहान कॉलेजात अचानक असे तीन विद्यार्थी आले तर त्याच अंदाजपत्रकातून ग्रंथालयाचे तासही चालवायचे असतात आणि दुभाष्यांचे पैसेही द्यायचे असतात. बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी राज्य वेगळी रक्कम ठेवते, पण ती ठरीव असते. विद्यार्थी वाढले म्हणून ती त्या वर्षी वाढत नाही. माझे ठाम मत असे आहे की दुभाषे आणि बोललेले शब्द पडद्यावर टिपणाऱ्या लेखनिकांचा खर्च कॉलेजवार वाटूच नये, राज्याने तो एकत्र उचलावा आणि प्रत्यक्ष झालेल्या तासांप्रमाणे फेडावा.

२०१८ साली राज्याने कॉलेजांच्या अनुदानाचे नवे सूत्र आणले. त्यात ढोबळमानाने ७० टक्के वाटा विद्यार्थिसंख्येवर, २० टक्के गरीब व कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि १० टक्के निकालांवर ठरवला गेला. गरिबी मोजली गेली हे उत्तमच झाले. पण अपंगत्व त्या २० टक्क्यांत मोजले जात नाही, आणि ते का मोजू नये याचे पटणारे कारण मला अजून कोणी दिलेले नाही.

काका तरीही अडून होते आणि त्यांचा पुढचा मुद्दा मला पटला. पुष्कळसा खर्च हा मागाहून केलेल्या दुरुस्तीचा असतो, असे ते म्हणाले. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला उलगडणार नाही असे पुस्तक लावायचे आणि मग ते एका विद्यार्थ्यासाठी घाईने बदलून घ्यायचे, यात पैसाही जातो आणि अर्धे सत्रही जाते. लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टवर दोन अंध विद्यार्थ्यांनी आणि अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये दावा लावला तो अशाच पुस्तकांवरून आणि संकेतस्थळांवरून. तो इतका लांबला की सर्वोच्च न्यायालयात जायचे नाही हे ठरायला २०२२ उजाडले. तेवढ्या वर्षांचा वकिलांवरचा खर्च पुस्तके नीट करण्यावर व्हायला हवा होता, असे काका म्हणाले तेव्हा कोणीच विरोध केला नाही.

सांगलीकराला मात्र मुळातच शंका होती. कम्युनिटी कॉलेजवर इतका खर्च करावा का, असे त्याचे एक सहकारी म्हणाले होते आणि ते त्याला लागले होते. मी त्याला एड रॉबर्ट्स यांची आठवण करून दिली. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रात झोपणारा हा मुलगा. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचे शिक्षण पूर्ण नाही म्हणून शाळा त्याला प्रमाणपत्र द्यायला तयार नव्हती. १९६२ मध्ये तो बर्कली विद्यापीठात गेला आणि पुढे अपंगांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण बर्कलीच्या आधी तो शिकला ते इथून खाडीपलीकडे असलेल्या कॉलेज ऑफ सॅन मॅटिओमध्ये, म्हणजे एका कम्युनिटी कॉलेजातच.

ताईंनी एक गोष्ट शेवटी सांगितली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. डीएसपीएसच्या निधीची वाटणी नोंदणी करून सेवा घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या मागील आकड्यांवर बरीचशी अवलंबून असते. जो विद्यार्थी संकोचाने नोंदच करत नाही, तो त्या आकड्यात नसतो. त्याची मदत जाते आणि कॉलेजाचा निधीही तेवढा कमी होतो.

सांगलीकर गप्प झाला. मुलीला नोंदणी नकोच आहे, शाळेतला शिक्का पुन्हा नको असे ती म्हणते, हे त्याने मग सांगितले. तेवढ्यात ती स्वतःच दुकानातून कोथिंबिरीची पिशवी घेऊन बाहेर आली आणि विषय ओळखून तिने ताईंना थेट विचारले, "मावशी, नोंदणी केली तर वर्गातल्या सगळ्यांना कळतं का?"

"प्राध्यापकांना फक्त तुला काय सवलत द्यायची ते कळतं. आजार कोणता, ते आम्ही सांगत नाही," ताई म्हणाल्या, आणि बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

"आणि सवलत घेतली नाही तर?"

"नाही घेतलीस तरी चालतं. पण मागायच्या वेळी नाव यादीत असावं लागतं. शाळेतला शेवटचा आयईपी घरी आहे ना?"

तिने बापाकडे पाहिले. तो म्हणाला, "माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे."