नमुनेदार नमुना

अभिनंदन! प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तुम्ही क्षेत्र अधिकारी म्हणून रुजू झालात आणि शे-दोनशे कारखाने, एक सीईटीपी (अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्र), दोन नाले आणि एक नदी तुमच्या गळ्यात पडली. घाबरू नका. नदी स्वच्छ करणं अवघड आहे, पण नदीचा अहवाल स्वच्छ करणं अगदी सोपं. बाटली कधी, कुठे आणि कशी बुडवायची एवढंच कळलं पाहिजे.

आधी वेळ. साडेअकराला निघा, चारच्या आत परता. कारखान्याची सांडपाण्याची टाकी रात्री दोनला नाल्यात रिकामी होते म्हणे. होऊ द्या, रात्री दोनला कार्यालय बंद असतं. पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीची वाट गावातली पोरं पाहतात, तशी काही कारखानेही पाहतात. त्या दिवशी साहजिकच तुमची बैठक असावी.

गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करील. नाव, हुद्दा, गाडी नंबर, येण्याचं कारण. सावकाश भरा, अक्षर वळणदार काढा. मग चहा येईल, तो नाकारणं बरं दिसत नाही. कप खाली ठेवता ठेवता मागच्या बाजूला घरघर सुरू झालेली ऐकू येईल. तो ईटीपीचा, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा, हवा फुंकणारा ब्लोअर.

आता एअरेशन टाकीच्या, म्हणजे जिवाणूंना हवा देऊन घाण खायला लावणाऱ्या टाकीच्या, कठड्यावर उभे राहा, पण फार वाकून पाहू नका. नीट चालणाऱ्या टाकीतलं पाणी चॉकलेटी असतं आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. चार दिवस हवा बंद असलेली टाकी काळी पडते, सडक्या अंड्यासारखी घाण मारते, आणि ब्लोअर अचानक सुरू केला की तळाचा गाळ ढवळून करडा फेस वर येतो. मेलेले जिवाणू अर्ध्या तासाच्या हवेने उठून बसत नाहीत, नव्यांना वाढून जोम धरायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. ही माहिती मनातच ठेवा आणि शेवटच्या नळाकडे वळा. नळ छान असतो, वर ‘नमुना बिंदू’ असं रंगवलेलं असतं. त्याचा पाइप नेमका कुठून येतो हे विचारणं असभ्यपणाचं आहे.

तीन गोष्टी मागू नका. ईटीपीच्या स्वतंत्र वीजमीटरचं रीडिंग, कारण ब्लोअर चालला की नाही हे लॉगबुकापेक्षा मीटरला जास्त ठाऊक असतं. दुसरं म्हणजे लॉगबुक स्वतः. तीन पाळ्या, तीन ऑपरेटर, पण एकच पेन आणि एकच हस्ताक्षर पाहून मन उगाच विचलित होतं. तिसरी, गाळाची मॅनिफेस्ट, म्हणजे गाळ कुठे पाठवला त्याची नोंद. सांडपाण्यातली घाण काढली की ती कुठेतरी गाळ होऊन बसायला हवी. वर्षभर ‘चालू’ असलेल्या ईटीपीतून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात गाळाची एक गोणीही गेली नसेल, तर हा एक चमत्कार आहे, आणि चमत्कारांची चौकशी करायची नसते.

नमुना घेताना मात्र कायदा काटेकोर पाळा. जल कायदा १९७४, कलम २१: आधी लेखी नोटीस, मग कारखान्याच्या माणसासमोर नमुना, त्याचे दोन भाग, दोन्हींवर सील, दोघांच्या सह्या. यातलं एक जरी चुकलं तर निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे कधी सही राहिली, कधी सील सुटलं, तर फार वाईट वाटून घेऊ नका. चूक माणसाकडूनच होते.

आता खरी कला, म्हणजे बीओडी. पाण्यातली घाण खाताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात तेवढा बीओडी. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. नमुना बर्फात, चार अंशांच्या आसपास ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवायचा असतो. तुम्ही तो शुक्रवारी संध्याकाळी घ्या आणि बर्फाशिवाय गाडीच्या डिकीत ठेवा. शनिवार-रविवार सुट्टी. दोन दिवस बाटलीतले जिवाणू आतल्या आत जेवून घेतात. सोमवारी प्रयोगशाळेत पोचतं ते जेवण झाल्यानंतरचं ताट.

कारखाना रासायनिक असेल तर एवढीही खटपट नको. पाण्यात जड धातू, क्लोरीन किंवा एखादं जालीम रसायन असलं की चाचणीतले जिवाणूच मरतात. मेलेला जिवाणू प्राणवायू खात नाही, त्यामुळे बीओडी झकास कमी येतो. पाणी जितकं विषारी, तितका अहवाल सात्त्विक! फक्त प्रयोगशाळेला सांगा, नमुना एकाच प्रमाणात पातळ करा. दोन-तीन प्रमाणांत केला आणि जास्त पातळ केलेल्या बाटलीत बीओडी जास्त निघाला, तर विष असल्याचं ते सरळसरळ लक्षण ठरतं. सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज, मात्र चुगलखोर आहे. तो डायक्रोमेट आणि आम्लात दोन तास उकळून काढतात, जिवाणूंचा तिथे संबंधच नाही. त्याच्या बाटलीत जागेवरच सल्फ्युरिक आम्ल घालायचं असतं. ते विसरा.

चिमणीचं काम त्या मानाने हलकं. धुराचा नमुना घ्यायचं छिद्र वळणापासून वर चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतरावर असावं लागतं, म्हणजे बहुधा शिडीच्या वरच्या टोकाला. शिडी गंजलेली असेल तर प्रश्नच मिटला. चढलातच, तर पंप थोडा जोरात चालवा. धुराच्या वेगापेक्षा जास्त वेगाने हवा ओढली की जड धूळकण आपल्या जडपणाने सरळ पुढे निघून जातात, फिल्टरवर हलकेच तेवढे बसतात. बॉयलर त्या दिवशी मंद आचेवर आहे का, हे विचारायची तुम्हाला गरज पडणार नाही.

प्रदूषण सतत मोजून आकडे मंडळाला पाठवणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेचा धाक बाळगू नका. केंद्रीय मंडळाने २०१४ पासून अतिप्रदूषणकारी उद्योगांना ती बसवायला लावली. प्रोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत सुखाने बसला तर आलेख चोवीस तास सरळ रेघ मारतो. तीन पाळ्यांत पीएच ७.२ वरून तसूभर हलला नाही, तर कारखान्याच्या शिस्तीचं कौतुक करा.

खरी अडचण रंगाची आणि वासाची. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तेव्हा ते शाळेत जाणाऱ्या मुलांनाही दिसलं. सुदैवाने सर्वसाधारण मानकांत रंग आणि दुर्गंधीसाठी आकडाच नाही. शक्य तितके दूर करण्याचे प्रयत्न करावेत, एवढंच लिहिलं आहे. प्रयत्न चालू आहेत, असं उत्तर द्या. आकडे आले तरी आभाळ कोसळत नाही. केंद्रीय मंडळाच्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात ७० च्या वर गेलेला औद्योगिक पट्टा अतिप्रदूषित धरतात. तारापूर २००९ मध्ये ७२.०१ वर होतं, २०१८ मध्ये ९३.६९ वर. प्रगती आहे.

कधी दंड लावायची वेळ आलीच, तर सूत्र पाठ करा: कारखान्याच्या वर्गाचा प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले रुपये गुणिले आकार गुणिले ठिकाण. लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी, वर्गातला लहान कारखाना, वस्ती दहा लाखांच्या आत: ८० × २५० × ०.५ × १, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. यातला ‘दिवस’ हा आकडा महत्त्वाचा. तो कोणी जाऊन पाहिल्यापासून मोजतात. तुम्ही जितके कमी जाल, तितकी उद्योगांवर कृपा.

राहता राहिले मासे. सकाळी सहाला फोन येईल, बंधाऱ्याला मासे तरंगतायत. घाई करू नका. सांडपाण्यावर माजलेलं शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं आणि पहाटे पाण्यात तो जेमतेम उरतो, मासे मरतात ते तेव्हा. तेच शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू सोडतं. दुपारी तीनला पोचा, बाटलीत बुडबुडा राहू न देता नमुना घ्या, मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडमिश्रित अल्कली घाला. प्राणवायू भरपूर असल्याची खूण म्हणून गाळ छान तपकिरी बसेल. माशांना लिटरला चार मिलिग्रॅम प्राणवायू पुरे असतो, तुमचा आकडा आठच्या घरात येईल. पाणी उत्तम, असं लिहा. नमुन्याची वेळ लिहायच्या रकान्यात तारीख लिहा. आणि फोटो काढताना मासे चौकटीत येणार नाहीत एवढं पाहा.