दुखणे मनात नसते, नडगीत असते

गेल्या रविवारी माझी भाची घरी आली ती कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा या मार्गावर होणाऱ्या डोंगरी अल्ट्रासाठी, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी, ती सात महिने घाम गाळते आहे आणि शर्यतीला आता पाच आठवडे उरले आहेत. डाव्या नडगीत दुखते, म्हणाली. किती दिवसांपासून, असे विचारले, तर "अडीच आठवडे झाले, पण मामा, ते सगळं मनात असतं" असे उत्तर आले आणि पुरावा म्हणून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पर्समधून डोकावणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या पाकिटातल्या चार गोळ्या संपलेल्या होत्या.

मोबाइलवरचा तो संदेश मी याआधीही तीन वेगवेगळ्या गटांवर वाचून पुढे ढकलला होता. त्याचा आशय थोडक्यात असा: वेदना म्हणजे शरीर सोडून जाणारी कमजोरी, दुखापत झाली म्हणून थांबतो तो धावपटू नव्हे, पर्यटक, शर्यतीआधी एक आणि नंतर दर चार तासांनी एक वेदनाशामक गोळी घ्यावी, सोबत भरपूर पाणी प्यावे, म्हणजे मूत्रपिंडे धुतली जातात, वजन जितके कमी तितका चढ सोपा, विश्रांतीने शरीर गंजते, किलियन जोर्नेट हा नामवंत डोंगरी धावपटू निखळलेल्या खांद्यानिशी जिंकला, आणि शेवटी, मावळ्यांना कुठे फिजिओथेरपिस्ट होता? मी डॉक्टर नाही. मात्र चौदा वर्षे सह्याद्रीत धावतो आहे, आणि असल्याच शहाणपणापायी एक आख्खा हंगाम घरी बसून काढलेला आहे. त्यामुळे या वेळी संदेश पुढे ढकलून गप्प बसणे जमले नाही.

मावळ्यांचा मुद्दा आधीच बाजूला करतो, कारण तो युक्तिवाद नसून भावनेला घातलेली हाक आहे. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात रात्रीतून निघालेली माणसे पदकासाठी निघाली नव्हती, आणि लहानपणापासून डोंगरात वाढलेल्या त्यांच्या हाडांना ज्या भाराची सवय होती, ती आठवडाभर खुर्चीत बसून शनिवार-रविवारी सिंहगडाची आतकरवाडीची वाट धरणाऱ्या आपल्यासारख्यांना सात महिन्यांत होत नसते. शिवाय त्यांच्यापैकी किती जण पुढे आयुष्यभर लंगडले, याची नोंद बखरीत कुणी करीत नसतो.

किलियनची गोष्ट खरी आहे, हे मान्य करावेच लागते. २०१७ साली कोलोरॅडोतल्या हार्डरॉक या शंभर मैलांच्या शर्यतीत सुरुवातीच्याच टप्प्यात पडून त्याचा खांदा निखळला, त्याने तो स्वतःच बसवला, हात गळ्यात बांधून उरलेले अंतर कापले आणि तो जिंकलाही. पण माणूस खांद्यावर धावत नाही, एवढे तरी हा संदेश लिहिणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याला खांद्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि २०१८ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराला वळसा घालणाऱ्या शर्यतीत मधमाशीच्या दंशाने अंगावर प्रतिक्रिया उठली तेव्हा हाच किलियन अर्ध्यातून बाहेर पडला. तो पर्यटक ठरला काय? जिंकलेली शर्यत फिरवायची आणि सोडलेली झाकून ठेवायची, हा अशा संदेशांचा जुनाच खाक्या आहे.

आता गोळीकडे येतो, कारण या संदेशातले सर्वांत घातक कलम तेच आहे आणि सर्वांत जास्त पाळलेही तेच जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही सगळी एकाच घराण्यातली औषधे. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे घटक तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखणे वाढते, म्हणून ही औषधे त्यांची निर्मितीच रोखतात. परंतु त्या घटकांकडे आणखीही एक काम असते. आपण तासन्तास चढ-उतार करतो, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, रक्ताचा ओघ स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतो, आणि मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी रक्त येऊ लागते. अशा वेळी मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या बारीक रोहिण्या उघड्या ठेवण्याचे काम हेच घटक करतात. गोळी घेतली की तो आधार काढून घेतला जातो, आणि तोही नेमका जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा.

त्यात उताराची भर पडते. राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार ज्यांनी एकदा तरी केली आहे, त्यांना ठाऊक असेल की मांड्यांचा खरा भुगा चढावर होत नाही, उतारावर होतो, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो. त्या मोडतोडीतून निघणारे मायोग्लोबिन हे स्नायूंतले प्रथिन रक्तावाटे मूत्रपिंडातच येते. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तो पराक्रमाचा रंग नव्हे. तिथून थेट रुग्णालय गाठायचे असते.

हे पुस्तकी भय नाही. २०१७ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक चाचणी प्रसिद्ध केली, जी या संदेशातले कलम जवळजवळ शब्दशः तपासते. अनेक दिवस चालणाऱ्या अल्ट्रा शर्यतींतल्या ८० किलोमीटरांच्या टप्प्यात ८९ धावपटूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. टप्पा संपल्यावर रक्तातले क्रिएटिनिन मोजले; मूत्रपिंडाचे काम मंदावले की ते वाढते. बिनऔषधी गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्के जणांच्या मूत्रपिंडाला तात्पुरती का होईना इजा झालेली दिसली. आयबुप्रोफेन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते. म्हणजे गोळी घेणाऱ्या साधारण दर पाच-सहा धावपटूंमागे एकाला असा त्रास झाला, जो एरवी झाला नसता. संख्या लहान होती, त्यामुळे फरकाला अनिश्चिततेची मोठी कड आहे, आणि बहुतेकांची इजा सौम्य होती, हेही सांगितले पाहिजे. पण गोळी निर्धोक आहे असे दाखवायला निघालेली कुणाचीही बाजू या आकड्यांवर उभी राहत नाही. आणि काहीही न घेता धावलेल्या तिघांतल्या एकाचे मूत्रपिंड जर आधीच कुरकुरत असेल, तर त्यावर आपण होऊन आणखी ओझे कशासाठी टाकायचे, हा प्रश्न उरतोच.

"म्हणूनच तर भरपूर पाणी प्यायला सांगितलंय," असे भाचीने यावर मला ऐकवले. मूत्रपिंड म्हणजे खरकटे ताट नव्हे, की पाण्याचा लोट सोडला आणि स्वच्छ झाले. दीर्घ श्रमांत शरीर पाणी धरून ठेवण्याचा संदेश देणारे संप्रेरक सोडत असते. त्यावर तहान नसताना पाणी ओतत राहिले, तर रक्तातले सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येऊ शकते, आणि अशाने मॅरेथॉनपटू दगावलेही आहेत. वेदनाशामक हे जादा पाणी बाहेर टाकण्याच्या आड येते. म्हणजे संदेशातली दोन कलमे एकमेकांचा उतारा नसून एकमेकांची भर आहेत. तहान लागेल तसे प्यावे, एवढा साधा नियम पुरतो.

मुळात गोळीने आणखी एक गोष्ट होते: नेमके कुठे बिघडले आहे, हे सांगणारा एकमेव साक्षीदार गप्प केला जातो. हाड ही जिवंत वस्तू आहे. भार वाढला की आधी जुना भाग कोरून काढला जातो आणि मग नवा भरला जातो. कोरणे काही आठवड्यांत उरकते, भरायला मात्र महिने लागतात. त्या मधल्या काळात हाड तात्पुरते कच्चे असते, आणि त्याच वेळी कोणी आठवड्याचे अंतर पंचवीस किलोमीटरवरून चाळीसवर नेले, तर सूक्ष्म चिरांची रेघ होते आणि रेघेचे फ्रॅक्चर. मी स्वतः अशा नडगीवर अकरा दिवस धावलो. पहिला एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून बारावा दिवसही धावलो. एक्स-रेमध्ये ही रेघ पहिले दोन-तीन आठवडे बहुधा दिसतच नाही, हे मला एमआरआयनंतर कळले. सुरुवातीलाच थांबलो असतो तर काही आठवड्यांत सुटलो असतो. मला चौदा आठवडे लागले.

विश्रांतीने शरीर गंजते, या कलमात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना पदरात घालतो. टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस, दुखावली असेल तर पूर्ण झोपून राहण्याने ती सुधारत नाही. तिला मोजून-मापून भार द्यावा लागतो. स्वीडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना, वेदना शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पाचच्या वर जाऊ न देता, व्यायामासोबत धावणे-उड्या चालू ठेवू दिल्या, आणि धावणे थांबवलेल्यांपेक्षा त्यांचे काही बिघडले नाही. पण तिथे वेदना मोजली जात होती. गोळी घालून पुसली जात नव्हती. शिवाय शिरेला लागू पडणारा हा नियम हाडाला लागू पडत नाही. दुखते कशात, हे ठरवल्याशिवाय "धाव" आणि "थांब" हे दोन्ही सल्ले सारखेच आंधळे असतात.

वजनाच्या कलमावर एवढेच म्हणतो, की अर्धपोटी धावणाऱ्या मुलींची पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या सगळ्या लक्षणसमूहाला स्वतंत्र नाव दिले, आणि तो फक्त मुलींपुरता नाही, हेही सांगितले. भाचीला विचारले, तर तिने रात्रीचे जेवण सोडून दोन महिने झाले होते. माझ्या बहिणीला हे माहीत नव्हते. आता आहे.

मग तिला खुर्चीवर बसवून नडगीवरून अंगठा फिरवत गेलो. घोट्याच्या चार बोटे वर, हाडाच्या आतल्या कडेला, एका नाण्याएवढ्या जागी अंगठा टेकताच तिने पाय आखडून घेतला. स्नायूंचे दुखणे लांबवर पसरलेले असते. असे बोट ठेवून दाखवता येत नाही. रात्री झोपेतून उठवते का, असे विचारले, तर ती गप्प राहिली. डाव्या पायावर दहा उड्या मारायला सांगितल्या. दुसऱ्या उडीलाच तिने टेबल धरले.

अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. गोळ्यांचे उरलेले पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि तिला पोहायला हरकत नाही, एवढे फोनवर विचारून घेतले आहे.