चार जीबीची एकच झिप अन् लिंक २४ तासांत बंद, वा रे वा

ही डाऊनलोडची बटणं बनवणारी माणसं राहतात तरी कुठं? एकदा पावसाळ्यात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यात या म्हणावं, चार दिवस राहा, पिठलं-भाकरी आमच्याकडं, फक्त तुमचीच फाईल तुम्ही उतरवून दाखवा.

पुतण्याच्या ऑनलाईन क्लासवाल्यांनी सॉफ्टवेअर अन् सगळी लेक्चरं कोंबून चार जीबीची एकच झिप, म्हणजे सगळ्या फाईलींचं एकच गाठोडं, दिलीय. अन् लिंक २४ तासांत एक्सपायर! आता हिशोब करा राव, पोराचा पॅक दिवसाला दीड जीबीचा, तो संपला की स्पीड येतोय ६४ केबीपीएसवर म्हणजे सेकंदाला ८ केबी, त्यानं उरलेलं अडीच जीबी उतरायला साडेतीन दिवसांच्या वर लागतात. म्हणजे लाईट गेली नाही, टॉवर झोपला नाही, नेट एकदाही तुटलं नाही, तरी ती फाईल एका दिवसात येणारच नाही! बरं तीन दिवसांच्या पॅकमध्ये थोडी थोडी घ्यावी तर दुसऱ्या दिवशी लिंक मेलेली.

अन् तुटतंयच की नेट. तीस टक्क्याला आलं की लाईट जाते, लाल अक्षरात 'नेटवर्क एरर', रिझ्यूम दाबलं की परत शून्यापासून, अन् पॅक संपला तो संपलाच. कराडहून निघालेली एसटी तळमावल्यात पंक्चर झाली म्हणून कोण परत कराड स्टँडवर जाऊन बसतं का?

बरं हे काय रॉकेट सायन्स नाही. 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं सर्व्हरला, म्हणजे फाईल ठेवलेल्या तिकडच्या कॉम्प्युटरला, सांगायची सोय एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे ब्राउझर अन् सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, १९९७ पासून आहे, सर्व्हर २०६ म्हणतो, म्हणजे 'हा घ्या मागितलेला तुकडा', अन् उरलेलं तेवढं पाठवतो. साधी फाईल अपाचे नाहीतर एन्जिनएक्स असल्या सर्व्हर चालवायच्या सॉफ्टवेअरवर ठेवली तर हे आपोआप होतंय, पण ह्यांना प्रत्येक डाऊनलोड स्वतःच्या स्क्रिप्टमधून फिरवायचाय अन् त्यात ती सोयच मारून टाकायचीय. मग तिकडून २०० येतंय, म्हणजे 'पूर्ण फाईल घ्या', की बसा पहिल्यापासून. डब्ल्यूगेट वापरा नाहीतर अजून कुठला फाईल उतरवायचा डाऊनलोड मॅनेजर, सर्व्हरच ऐकत नसंल तर तो तरी काय करणार.

टॉरेंटचं, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यानं फाईल घ्यायच्या पद्धतीचं, नाव काढलं की ह्यांना फक्त चोरीचे पिक्चर आठवतात. अरे उबुंटू, डेबियन ह्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमवाले स्वतः टॉरेंट देतात! फाईलचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा तपासून घेतला जातो, बिघडला तर तेवढाच परत येतो, महिनाभर उतरवत बसा कोण विचारत नाही. तेही नको असंल तर सेव्हन-झिप ह्या झिप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीनशे-तीनशे एमबीचे भाग पाडा, सोबत एसएचए-२५६, म्हणजे फाईलचा बोटाचा ठसाच, लिहा म्हणजे फाईल नीट आली का कळंल, नाहीतर सगळं उतरल्यावर 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह', म्हणजे फाईल अर्धवटच आलीय, असं बघून डोकं फुटायची वेळ येते. अन् ते दोन एमबीचं 'इन्स्टॉलर' देऊन मागनं गुपचूप जीबीच्या जीबी ओढणारे तर वेगळेच महाभाग, त्यात पॉजचं बटणसुद्धा नसतंय.

लेक्चरं सुटी सुटी दिली असती अन् लिंक आठवडाभर ठेवली असती तर ह्यांच्या खिशातलं काय जाणार होतं? सपोर्टला हेच लिहून पाठवलं तर उत्तर काय, "सर, कृपया हायस्पीड वायफायवर ट्राय करा." अन् खाली आमचाच प्रॉब्लेम 'सॉल्व्ह्ड' करून टाकला भामट्यांनी.