बारा बनियन

भाच्यानं पुण्याहून टी-शर्ट पाठवला. गर्द निळा, छातीवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ब्रुकलिन डॉजर्स. तो घालून मी पानठेल्यावर गेलो.

"कोणतं बियाणं व्हय हे?"

आमच्याकडे फुकटचा टी-शर्ट एक तर बियाण्याच्या कंपनीचा, नाहीतर इलेक्शनचा. मी सांगितलं, अमेरिकेतली बेसबॉलची टीम आहे, पण त्या गावातून ती १९५७ सालीच गेली. पानाला चुना लावता लावता ठेलेवाला थांबला. "मंजे मेलेल्या टीमचा सदरा घालून फिरून रायला तू!"

घरी येऊन भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मामा, याचा मोठा धंदा आहे. पाडलेली स्टेडियमं, बंद पडलेल्या टीम, त्यांच्या टोप्या, कप, मफलर. लोक बापाच्या, आजोबाच्या वाढदिवसाला भेट देतात. मग मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. सोयाबीन घरात आलं होतं, कापूस वेचायला अवकाश होता. रिकामाच होतो.

ब्रुकलिनचं ते मैदान म्हणजे एबेट्स फील्ड, १९१३ चं. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला तिथंच पहिल्यांदा उतरला आणि मोठ्या लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडली. १९५७ च्या हंगामानंतर मालक टीम घेऊन लॉस एंजेलिसला गेला. १९६० च्या फेब्रुवारीत मैदान पाडलं. पाडायला जो लोखंडी गोळा आणला, त्याला बेसबॉलसारखा पांढरा रंग आणि लाल टाके मारले होते म्हणे. तेराव्याला लाडू वाढतात तसंच झालं हे. पुढं तिथं मोठाल्या इमारती झाल्या आणि आवारात पाटी लागली, इथं बॉल खेळायचा नाही.

मला मात्र दुसराच आकडा टोचला. १९४७ साली त्या मैदानावर वर्षभरात १८ लाखांवर लोक आले होते, १९५७ साली १० लाखांच्या थोडे वर. मालकाला शिव्या घालणं सोपं आहे आणि त्यानं त्या खाव्यातही. पण खुर्च्या त्याच्या आधीच रिकाम्या होऊ लागल्या होत्या. टी-शर्टावर स्टेडियमचं चित्र येतं, रिकाम्या खुर्च्या येत नाहीत. या धंद्याबद्दल माझी तक्रार असेल तर एवढीच.

कारण आमचंही एक मैदान गेलं, आणि ते कुणी हिसकून नेलं नाही.

गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी. आमची जमीन काळी कन्हार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. त्यात कबड्डी खेळली तर पाय मोडणारच. म्हणून दर दिवाळीनंतर पिवळी माती आणायची, चार-पाच बंड्या. ढेकळं फोडायची, भुसा मिसळायचा, पाणी मारायचं, मग फक्कीनं रेषा आखायच्या. मंडळाचं नाव बजरंगबलीवरून होतं. पुरतं सांगत नाही, विदर्भात दर दुसऱ्या गावात त्याच नावाचं मंडळ सापडेल आणि उगाच भांडणं लागतील.

आमच्या जर्सीची गोष्ट तर ऐकाच. साधे पांढरे बनियन विकत घ्यायचे. माझी आई गंजात पाणी उकळून त्यात लाल रंगाची पुडी टाकायची आणि बाराही बनियन त्यात बुडवायची. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून आकडे कापायचे आणि ते ठेवून पाठीवर ऑइल पेंट मारायचा. एक्स-रे कुणाच्या तरी मोडलेल्या हाताचा असायचा, बहुतेक आमच्यापैकीच. पहिल्या सामन्यात घाम फुटला की रंग सुटायचा. समोरच्या टीमला वाटायचं, पोराला रक्त निघून रायलं. पंचानं एकदा सामना थांबवला होता.

पुढं पोरं बुटीबोरीला गेली, चाकणला गेली. संध्याकाळी सात जण जमेनात. १९९६ नंतर टीम म्हणून आम्ही कुठं उतरलोच नाही. आणि मग ग्रामसभेत ठराव आला, तिथं पाण्याची टाकी बांधायची. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. बायका दीड किलोमीटरवरून पाणी आणायच्या, मी काय मैदान वाचवा म्हणणार होतो? आजही तोच हात वर करीन. पण त्या दिवशी एकानंही, खुद्द मीही, एवढं म्हटलं नाही की इथं आपण खेळत होतो. हे मला खातं. २०१४ ला प्रो कबड्डी आली, आता टाकीच्या सावलीत बसून पोरं मोबाईलवर मॅटवरची कबड्डी पाहतात.

आमच्याकडे गेलेल्या टीमचे कपडे मिळत नाहीत असं नाही. कोची टस्कर्स आठवते? आयपीएलमध्ये २०११ चा एक हंगाम खेळली आणि संपली. तिचा टी-शर्ट आठवडी बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात मिळाला होता. आज तो आमच्या तुरीत बुजगावण्याच्या अंगात आहे. भाचा म्हणतो, विकू नका मामा, अशा वस्तूंना भाव येतो. रानडुक्कर मात्र त्याला अजिबात भीत नाही.

ज्यांचा शर्ट मी पैसे देऊन घेतला असता, ती टीम आहे होळकरांची. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू तिचे कॅप्टन. रणजीची फायनल १० वेळा गाठली, ४ वेळा जिंकली. १९४५ च्या फायनलमध्ये मुंबईविरुद्ध इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तिच्याकडून नाबाद २४९ करून गेला. १९५५ नंतर ती टीमच राहिली नाही. बराच शोधला तिचा टी-शर्ट. ब्रुकलिनचा घरपोच येतो, इंदूरचा मिळत नाही.

तर मग मीच धंद्याला लागलो. तालुक्याला गणपती मंडळांचे टी-शर्ट छापणारा आहे, त्याच्याकडून बारा लाल बनियन करून घेतले. पाठीवर आकडे, छातीवर मंडळाचं नाव. आकडे त्यानं कॉम्प्युटरवर इतके गुळगुळीत काढले की मी म्हटलं, बाबा, जरा वाकडे कर. तो म्हणाला, वाकड्याचे पैसे वेगळे.

दिवाळीत वाटले. चाकणच्या दोघांना कुरिअर केले. आमचा रेडर आता पंचावन्नचा आहे, पोटावर बनियन चढेना, तरी त्यानं तो घालूनच अख्ख्या गावातून चक्कर मारली. त्याचा नातू मागं मागं विचारत होता, आबा, कोणाचं इलेक्शन आहे?

५ नंबर डाव्या कोपऱ्याचा. त्यानं घोटा धरला की समोरचा सुटायचा नाही. तो दोन वर्षांपूर्वी गेला. बनियन घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि दारात उभं राहिल्यावर वाटलं, आणायला नको होता. वहिनीनं चहा ठेवला. मग बनियन हातात घेतला, उलगडला, खांद्यापासून खांद्यापर्यंत वीत लावून मोजला.

"हा त्यायले ढिला झाला असता, भाऊ. ते लय बारीक होते."

छापणाऱ्याला मी बाराही बनियन एकाच मापाचे सांगितले होते.