छापे पडले, पोरांच्या मेंदूचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडी या अंमली पदार्थाचा कारखाना शोधून काढला. त्या कारवाईत एकूण ३,५०० कोटींहून जास्त किमतीचा माल पकडला गेला. जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका पबमधला, पोरं नशा करत असल्याचा व्हिडिओ फिरला आणि पबवर बुलडोझर चालले. तेव्हापासून लिस्बनहून पुण्यातल्या मित्रांशी माझा फोनवर एकच वाद चालू आहे: ज्यांनी तो माल ओढला, त्या पोरांचं पुढे काय?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. मेंदूतली पेशी डोपामिन हे आनंदाचा निरोप नेणारं रसायन सोडते, निरोप पोचला की परत आत ओढते. मेफेड्रोन हा आत ओढणारा पंपच उलटा चालवतं. उत्तेजक पदार्थ सतत घेतले की डोपामिन झेलणारे रिसेप्टर कमी होतात. मग जेवण, मॅच, मैत्री, कशातच जीव रमत नाही. घरचे त्याला आळस म्हणतात. शिवाय मेंदूत सूज येते. मेथसारख्या (मेथॲम्फेटामाइन) उत्तेजकांनी मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशी चवताळतात, सायटोकाइन ही सूज वाढवणारी रसायनं सोडतात आणि निरोपांची देवाणघेवाण आणखी बिघडते.

हे आठवड्याभरात सुधारत नाही. अमेरिकेतल्या व्यसन-संशोधक नोरा व्होल्कोव यांच्या गटाने २००१ मध्ये मेथ सोडलेल्यांचे मेंदू पाहिले. वर्षभराहून जास्त काळ लांब राहिल्यावर डोपामिन वाहून नेणारी प्रथिनं बरीच सावरली होती, पण स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा नव्हती.

पोर्तुगालमध्ये २००१ पासून स्वतःपुरता, दहा दिवसांचा साठा सापडला तर खटला होत नाही. प्रकरण आरोग्य खात्याकडच्या आयोगासमोर जातं. विकणं मात्र गुन्हाच. लिस्बनमध्ये मेथाडोनची, म्हणजे हेरॉइनऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधाची व्हॅन येते, माणसं रांगेत उभी राहून छोट्या पेल्यातला डोस तिथेच पितात. अर्थात ते हेरॉइनवाल्यांसाठी; एमडीला असं पर्यायी औषध नाही, तिथे समुपदेशन आणि चिकाटीच लागते. आणि उघड्यावर नशा करणारे इथेही दिसतातच.

पण पुण्याला हे सगळं इथून उचलायची गरज नाही. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे; उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. कारखाने फोडाच. पण पोलिसांच्या धास्तीने पोराला डॉक्टरकडे न नेणाऱ्या आईबापांना हे कलम कॉलेजांनी, पोलीस आयुक्तालयाने जाहीरपणे सांगायला हवं, आणि उपचारांनंतर किमान वर्षभराच्या पाठपुराव्याला महापालिकेने पैसा द्यायला हवा.