दाभोळ–जयगड शीडसफरीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहोत.

१५ वर्षांच्या मुलाला पहाटे चार वाजता उठवले, भांडी घासायला लावली, बोट लागून उलट्या होत असताना आत निजू दिले नाही, मोबाईल काढून घेतला आणि इंजिन असूनही बोट ऐन उन्हात समुद्रात उभी ठेवली. ही व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली करवून घेतलेली मजुरी असल्याने अर्धे शुल्क परत मिळावे, असे आपले म्हणणे आहे. यातील एकही गोष्ट आम्ही नाकारत नाही, परंतु तिच्यामागचे कारण वाचकांना कळले पाहिजे.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि ऊन चढले की तो मंदावतो. त्यामुळे दाभोळच्या खाडीतून नुसत्या शिडावर बाहेर पडायचे, तर मतलई आणि ओहोटी दोन्ही साधावी लागतात, आणि त्या दिवशी ती पहाटेच साधत होती. पुढे खारा वारा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा, सुरू होईपर्यंत मध्ये वारा पडतो. तेव्हा इंजिन लावून जयगड लवकर गाठता आले असते, हे खरे. मात्र इंजिन आम्ही अडीअडचणीसाठी आणि बंदरात शिरण्यासाठी राखून ठेवतो. वारा पडला की मुले आधी कुरकुरतात, मग शिडाची सावली धरून बसतात, विस्कटलेले दोर गुंडाळू लागतात, कालपर्यंत अनोळखी असलेल्याशी बोलू लागतात, आणि वायव्येकडे पाण्यावर उठलेली, खारा वारा येत असल्याची खूण असलेली काळसर लहर बरेचदा त्यांच्यातलेच कोणी तरी सर्वांआधी ओळखते. आमच्या मते संपूर्ण सफरीत याहून मोलाचा वेळ नाही, आणि मोबाईल हातात असता तर तो मिळाला नसता. मुक्कामी पोहोचल्यावर प्रत्येकाला घरी फोन करू दिला जातो.

बोट लागलेल्या मुलाला आत निजवले तर त्रास बहुधा वाढतो, कारण शरीराला हेलकावे जाणवतात आणि डोळ्यांना मात्र समोरची फळी स्थिर दिसते. म्हणून त्याला उघड्यावर बसवून क्षितिजाकडे पाहायला सांगतात, क्षारसंजीवनी घोटाघोटाने देतात आणि जमेल तेव्हा सुकाणूला हात लावू देतात. लाइफ जॅकेट धक्क्यापासून धक्क्यापर्यंत अंगावर असतेच. आपल्या चिरंजिवांच्या प्रकृतीच्या नोंदी येथे जाहीर लिहिणे उचित नाही. त्या आपल्याला प्रत्यक्ष दाखवू.

भांड्यांची पाळी तांडेलांनाही, म्हणजे होडीच्या प्रमुखांनाही, चुकत नाही. भारतीय नौदलाने १९९७ साली ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज प्रशिक्षणासाठी सेवेत घेतले, ते युद्धनौका शिडावर चालतात म्हणून नव्हे. दोर, वारा आणि शेजारचा माणूस यांच्यावर विसंबून काम करण्याची सवय अशा जहाजावर लागते म्हणून. आमची होडी त्यापुढे फारच लहान आहे, पण मुलांना पाहुणे न मानता खलाशी मानायचे, हा आमचाही नियम आहे. अर्थात ही सफर म्हणजे उपचार नव्हे, आणि मुलावर मानसिक आरोग्याचे उपचार सुरू असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज आम्ही नोंदणी करत नाही.

सफर ठरल्याप्रमाणे पूर्ण झाल्यामुळे शुल्क परत करता येणार नाही. आपण दाभोळला आलात, तर तांडेल आपल्याशी बोलतील आणि होडीही दाखवतील. येण्यापूर्वी कार्यालयात कळवावे, कारण सकाळच्या ओहोटीला ते बहुधा पाण्यावर असतात.