नाकातला फवारा ‘रक्तात जात नाही’ म्हणून निकामी ठरत नाही

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: “फ्लूच्या नाकातल्या लसीत जिवंत विषाणू असतो, पोराला फ्लूच होतो. ती रक्तात जात नाही, म्हणून प्रतिकारशक्ती येत नाही. शिंक आली की डोस वाया.” पहिली दोन वाक्यं एकमेकांनाच खोडतात (फ्लू होण्याइतका विषाणू वाढला, तर प्रतिकारशक्तीही जागी होणारच), तरी एकेक पाहू.

विषाणू जिवंत असतो, हे खरं. पण तो २५ अंश सेल्सिअसला वाढवून थंडीला सरावलेला आणि दुबळा केलेला असतो. नाकात शरीराच्या आतल्यापेक्षा गारवा असतो, तिथे तो थोडा वाढतो. फुप्फुसांच्या उष्णतेत त्याची वाढ खुंटते. म्हणून एकदोन दिवस नाक वाहतं, क्वचित कणकण येते. तो फ्लू नव्हे.

रक्ताचा मुद्दा जास्त दिशाभूल करणारा आहे. फ्लू शिरतो नाकाघशाच्या अस्तरातून. लसीचा विषाणू त्याच पेशींत वाढतो, तेव्हा तिथल्या शेंबडात ‘आयजीए’ ही अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) पाझरू लागतात, विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात आणि रक्तातही काही प्रतिपिंडं येतात. ती सुईच्या लसीपेक्षा बहुधा कमी दिसतात. नुसत्या रक्ततपासणीवरून या लसीचं माप काढता येत नाही. मात्र नाकात वाढ झालीच नाही तर लस फिकी पडते. लसीतला एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराविरुद्धचा घटक नीट काम करीना म्हणून २०१६ ते २०१८ या दोन हंगामांत अमेरिकेने ही लस सुचवली नव्हती. घटक बदलल्यावर पुन्हा सुचवली. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध चालू असताना ही लस देत नाहीत, तेही याचसाठी: औषध लसीचाच विषाणू रोखतं.

शिंकेने डोस वाया जात नाही, पुन्हा देऊ नये. फ्लूमिस्ट या नाकातल्या लसीची मात्रा प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिली असते, जोरात ओढून घ्यावी लागत नाही. नाक पूर्ण चोंदलं असेल तर मात्र थांबावं.

खरी काळजी साठवणीची. लस २ ते ८ अंशांत हवी, गोठताही कामा नये. आपल्या एप्रिलच्या उन्हात पिशवीत टाकून आणलेली लस घेऊ नका. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, प्रतिकारशक्ती खालावलेले, अॅस्पिरिन चालू असलेली मुलं आणि छातीत घरघर होणारी दोन ते चार वर्षांची मुलं यांनी हा फवारा टाळावा. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा, बाळ सहा महिन्यांचं झालं की सुईची लस आहे.

संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालच्या, आधी फ्लूची लस न घेतलेल्या मुलाला साधारणपणे चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीआधी संरक्षण हवं असेल, तर पहिली मात्रा नोव्हेंबरअखेर.